डाव्या बाजूची तक्रार

माझी मावशी चिडली की ओरडत नाही, अर्ज लिहिते. जिन्यातला दिवा गेला, अर्ज. नळाला गढूळ पाणी आलं, अर्ज. प्रत्येक अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवते, आणि तारीख न घालता सही करणारा माणूस तिच्या मनातून कायमचा उतरतो. मी मात्र ओरडते. औषधांच्या दुकानात काउंटरवर दिवसभर गोड बोलावं लागतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बराच राग शिल्लक असतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोण कशाने भडकलं याचा घोळ होणार नाही.

मावशीने एकतीस वर्षं सुनावण्या टाइप केल्या. न्यायालयात जे बोललं जातं ते रेकॉर्ड होतं, आणि ते ऐकून शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा, हे तिच्या विभागाचं काम. लांबट खोली, बारा टेबलं. आधी टाइपरायटर होते, मग कॉम्प्युटर आले. टेबलाखाली पायाने चालवायचं पेडल, ते टाचेने दाबलं की आवाज चार शब्द मागे जायचा. डोक्यावर ऑफिसने दिलेला हेडफोन. त्याला तिथे सगळ्या 'सेट' म्हणायच्या. सेटला दोन कप होते, पण वापरायचा एकच. डावा कप कानावर आणि उजवा कानामागे सरकवलेला, कारण साहेबांनी काचेच्या केबिनमधून हाक मारली तर ती ऐकू यायला हवी. नवीन बाई कामावर आली की तिला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे: डावा कान कामाचा, उजवा साहेबांचा. शेवटची एकोणीस वर्षं हे शिकवणारी माझी मावशीच होती. ती खोलीची प्रमुख झाली होती आणि सगळ्या तिला मोठ्या बाई म्हणायच्या.

आता बारा जणी खडखड टाइप करतायत आणि एक कान उघडा. मग काय होणार? साक्षीदार पुटपुटला की आवाज वाढवायचा, आणि वाढवलेल्या आवाजात वकील एकदम गरजला की डोक्यात कोणी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. हे ती मला हसत हसत सांगायची. मीही हसायचे.

निवृत्तीनंतर काय करणार, हे तिचं फार आधीच ठरलेलं होतं. माझ्या आजोबांकडे, म्हणजे तिच्या वडिलांकडे, एकच रेकॉर्ड होती. दोन व्हायोलिनांची जुगलबंदी. एक प्रश्न विचारतं, दुसरं उत्तर देतं, आणि शेवटी दोन्ही एकमेकांत शिरून एकदम वाजतात. घरचा रेकॉर्ड प्लेयर एका स्पीकरचा, त्यामुळे दोघंही एकाच डब्यातून यायचे. पण रेकॉर्डच्या पाकिटावर लिहिलेलं होतं की वादक समोरासमोर बसले होते, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि ते जसं वाजलं तसं ऐकायचं तर दोन्ही बाजू वेगळ्या पाहिजेत. मावशीने हे अकराव्या वर्षी वाचलं आणि डोक्यात ठेवलं. रेकॉर्ड पुढे घर बदलताना फुटली. त्याच वादनाची स्वच्छ केलेली डिजिटल प्रत तिला निवृत्तीच्या आधी मिळाली, ती तिने कॉम्प्युटरवर ठेवली आणि ऐकली नाही. "आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं ऐकली," ती म्हणाली, "आता हे नीट ऐकणार. नीट म्हणजे नीट."

तर हेडफोन घ्यायचे होते. मावशीने आधी दोन महिने वाचन केलं आणि वही भरली. हेडफोन वायरचाच हवा, कारण बिनवायरच्यात आवाज आवळून पाठवतात. मागून उघडा हवा, जाळीचा, म्हणजे वाद्य पिंपात वाजवल्यासारखं वाटत नाही. कान पूर्ण झाकणारा हवा, पण चष्म्याची काडी रुतू नये. शिवाय कॉम्प्युटरला थेट जोडायचा नाही, कारण आतल्या सर्किटची घरघर आवाजात मिसळते. तिच्या कॉम्प्युटरवर माउस हलवला की हेडफोनमध्ये चिरचिर यायची, मला तिने ती मुद्दाम ऐकवली. त्यासाठी बाहेर एक काडेपेटीएवढी डबी लावायची, ती कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचं आवाजात रूपांतर करते, तिला डॅक म्हणतात. हे सगळं ती मला भाजी निवडता निवडता समजावत होती आणि मी हो हो करत होते.

दुकानातल्या सेल्समनने वही पाहिलीच नाही. त्याने एक काळा, धूडासारखा हेडफोन काढला, त्याच्या दोन्ही कपांवर निळे दिवे लुकलुकत होते.

"आंटी, याचा बास ऐका. छाती हलते."

"छाती माझी शाबूत आहे," मावशी म्हणाली. "मला व्हायोलिन ऐकायचंय. आणि हे दिवे कोणासाठी? घालणाऱ्याला तर दिसत नाहीत."

तो म्हणाला, सध्या हेच चालतं. आंटी या शब्दावर मावशीच्या कपाळाची शीर उठलेली मी पाहिली, पण ती शांतपणे वहीतलं एक एक कलम वाचत राहिली. शेवटी त्याने कंटाळून मागच्या खोलीतून जाळीवाला हेडफोन आणला. मावशीने तो घेतला, डॅकची डबी घेतली, बिलावर तारीख आहे ना ते पाहिलं.

रविवारी सकाळी तिने ते लावलं. मी चहा घेऊन समोर बसले होते. तिचा चेहरा फुलेल म्हणून बघत होते, तर तो आक्रसत गेला.

"डावी बाजू खराब आहे," ती म्हणाली. "उजवीकडचं व्हायोलिन इथे, समोर. डावीकडचं भिंतीपलीकडे कोणीतरी वाजवतंय. प्रश्न येतोय, उत्तर येत नाही."

तिने अर्ज लिहिला. मिनिट आणि सेकंद घालून, कुठे कुठे डावी बाजू पडते ते सगळं. दुकानाने हेडफोन बदलून दिला. तोही तसाच. मग वायर बदलली. डॅक बदलली, आधीच्यापेक्षा वरची आणली. मग दुसऱ्या कंपनीचा हेडफोन आणला. प्रत्येक वेळी डावीकडचं उत्तर भिंतीपलीकडेच. मधे एकदा तिने मलाही ऐकायला लावलं. मला दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या, आणि मी तसं म्हणाले.

"तुला कुकरची शिट्टी आणि बासरी यातला फरक कळतो का?" मावशीने विचारलं.

खरंच कळत नाही. मी गप्प बसले. हे गप्प बसणं लक्षात ठेवा, कारण पुढच्याच आठवड्यात मी तिच्याबरोबर दुकानात गेले. सेल्समन म्हणाला, "आंटी, हेडफोन चांगला आहे, तुम्ही कान दाखवून घ्या," आणि मी त्याला चारचौघांत असा झाडला की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. म्हातारं माणूस दिसलं की माल खपवायचा आणि खोट निघाली की कानावर ढकलायची, असं काय काय बोलले. त्याने काउंटरखालून कापड काढलं आणि तो काच पुसत राहिला. मला माहीत होतं की माझ्या कानाने जे ऐकलं तेच तो सांगतोय. तरी बोलले.

घरी येताना मावशी म्हणाली, "अगदी त्या दोषनाहीसारखाच."

दोषनाही म्हणजे तिच्या विभागाचे सेट दुरुस्त करणारा माणूस. कंत्राटावर होता. बिघडलेला सेट शिपाई त्याच्याकडे नेऊन द्यायचा आणि आठवड्याने तो परत यायचा, त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तीवर दोनच शब्द: दोष नाही. म्हणून खोलीत त्याचं नाव तेच पडलं. डाव्या बाजूने ऐकू येत नाही अशी तक्रार घेऊन जावी, आणि यांचं उत्तर दोष नाही. एकोणीस वर्षं मावशीने त्या माणसाच्या नावाने बोटं मोडली होती. त्याच्याविरुद्ध तिने किती अर्ज केले असतील ते तीच जाणे.

पण आवाज मोजायचं यंत्र असलेला दुसरा कोणी मला माहीत नव्हता. माझ्या अर्ध्या सुट्टीच्या दिवशी मी मावशीला न सांगता हेडफोन पिशवीत घालून त्याच्याकडे गेले. एका इमारतीच्या जिन्याखाली त्याची खोली. टेबलावर दोन काट्यांचं मीटर, तारांची भेंडोळी, वितळलेल्या कथलाचा वास. माणूस सडपातळ, पासष्टीचा, हळू बोलणारा. त्याने हेडफोन मीटरला लावला. दोन्ही काटे एकदम उठले, एकाच जागी थांबले. त्याने चिठ्ठी घेतली आणि लिहिलं: दोष नाही.

मला हसू आलं. त्याने विचारलं, कोणाचा आहे. मी मावशीचं ऑफिस सांगितलं, तिला तिथे काय म्हणायचे ते सांगितलं. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मोठ्या बाईंना इथे घेऊन या," तो म्हणाला. "मी त्यांच्या दारात आलो तर मला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत."

ती चिठ्ठी पाहून मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने रात्रीच अर्ज लिहिला, सकाळी इस्त्रीची साडी नेसली आणि माझ्यापुढे दहा पावलं चालत त्या जिन्याखाली जाऊन उभी राहिली. अर्ज टेबलावर ठेवला. त्याने तो बाजूला सरकवला नाही, वाचला, शेवटपर्यंत. मग त्याच्या कॉम्प्युटरवर तिचं वादन लावलं आणि हेडफोन तिच्या हातात दिला.

"तीच खोट," मावशी ऐकून म्हणाली. "उत्तर येत नाही."

"बाजू बदलून पाहिली का, बाई?"

"पाहिली." तिने क्षणाचाही विचार केला नाही.

"मग आता एकदा माझ्यासमोर पाहा."

मावशीने हेडफोन काढला. वायर डाव्या कपाला होती. ती क्षणभर वायरीकडे बघत राहिली, मग तिने हेडफोन उलटा केला आणि घातला. डावा कप उजव्या कानावर. त्याने वादन पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

मी तिच्या अगदी समोर होते. महिनाभर जे व्हायोलिन तिला स्वच्छ ऐकू येत होतं ते भिंतीपलीकडे गेलं, आणि जे भिंतीपलीकडे होतं ते समोर येऊन वाजू लागलं. हे मला तिने नंतर सांगितलं, पण तेव्हाही ते तिच्या तोंडावर दिसत होतं. भिंत हेडफोनबरोबर फिरली नाही. भिंत डावीकडेच राहिली. तिने सगळं वादन ऐकलं, शेवटचा सूर संपेपर्यंत, मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

दोषनाही उठला आणि त्याने कपाटातून खोकी काढली, एक नाही, तीन. आत सेटबरोबर येणारे फॉर्म होते. फॉर्मवर तीन चौकटी छापलेल्या: वायर तपासली. प्लग तपासला. बाजू बदलून पाहिली. प्रत्येक फॉर्मवर तिन्ही चौकटींत बरोबरच्या खुणा, खाली मावशीची सही, तारखेसह.

त्या खोलीत बाजू कोणी बदलायचंच नाही. वायर डावीकडून उतरून टेबलाखाली जायची, सेट उलटा घातला की ती टायपिंगच्या आड यायची, आणि उजवा कान तर साहेबांचा. नव्या सेटनेही दोन-चार दिवस बरं वाटायचं, मग डावी बाजू गेली म्हणून तोही फॉर्मसकट दुरुस्तीला. मावशीने एकोणीस वर्षं न बघता खूण केली होती. बिनतारखेच्या सहीचा तिरस्कार करणाऱ्या माझ्या मावशीने.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?" तिने विचारलं.

"एकदा खोलीच्या दारापर्यंत आलो होतो. तुम्ही म्हणालात, आधी काम शिकून या, मग तोंड दाखवा."

मावशीला ते आठवलं. मला तिच्याकडे बघवेना.

"साहेबांना तीनदा लिहून दिलं," तो पुढे म्हणाला. "सेट चांगले आहेत, बायकांचे कान तपासा. ते म्हणाले, तुमचं काम सेट तपासायचं, कान तपासायचं नाही. पुन्हा लिहिलंत तर कंत्राट दुसऱ्याला देऊ."

"आणि तुम्ही गप्प बसलात," मी म्हणाले. मी बरंच काही म्हणाले. रस्त्यात गाठून सांगता आलं असतं, चिठ्ठीवर दोन शब्दांऐवजी चार लिहिता आले असते, आणि तुम्ही पोरांच्या खेळासारखे फॉर्म जमवत बसलात. त्याने मान्य केलं. म्हणाला, मलाही पोट होतं. तो माणूस वाईट नाही हे मला कळतं. माझा त्याच्यावरचा राग मात्र गेलेला नाही आणि मी घालवायचा प्रयत्नही करत नाही.

मावशीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती फॉर्मवरची, तक्रार करणाऱ्या बायकांची नावं वाचत होती. "ही जुळ्यांची आई. ही उंच. ही..." ती थांबली. "हिने एका वर्षात सहा वेळा तक्रार केली. मी तिला किरकिरी म्हणायचे. आम्ही सगळ्याच म्हणायचो. मी तिचं टेबल खिडकीजवळून हलवून कपाटाशेजारी दिलं, शिक्षा म्हणून."

कानाच्या डॉक्टरांचं दहा मिनिटांचं काम होतं. वर्षानुवर्षं मोठा आवाज ऐकून डाव्या कानातली नस गेली आहे, वरचे सूर परत येणार नाहीत, यंत्राने बोलणं थोडं बरं कळेल, संगीताचं सांगता येत नाही. मी रोज दहा जणांना कानाचे थेंब विकते. मावशी फोन कायम उजव्या कानाला लावते, जेवताना कायम डावीकडे भिंत येईल अशी बसते, आणि हे वर्षानुवर्षं मी बघत आले होते. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग माझा आला.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या ऑफिसात गेली. मी बरोबर होते, खोकी मीच उचलली होती. चहाची सुट्टी होती, अकरा जणी टेबलांशीच बसलेल्या. एक टेबल रिकामं, मावशीचं. तिने कोणाला काही समजावलं नाही.

"सगळ्यांनी सेट नीट घाला, दोन्ही कान झाकून. रेकॉर्डिंग लावा. आता सेट उलटा करा. वायरीचं मी बघते, करा उलटा. ज्या कानाला कमी येतंय त्या बाजूचा हात वर."

आधी एक हात वर गेला, कपाटाशेजारच्या टेबलावरून. मग इकडून तिकडून जात राहिले. अकरांतले आठ, सगळे डावे. एकीने हात वर ठेवूनच डोळे पुसले.

साहेब केबिनमधून बाहेर आले. जुने नाहीत, नवीन आहेत, खुर्ची तीच. "मोठ्या बाई, हे काय चाललंय? तुम्ही निवृत्त झालात ना?"

ते मावशीच्या डाव्या हाताला उभे होते. तिने मान वळवली नाही. त्यांना वाटलं ती मुद्दाम करतेय, त्यांचा चेहरा लाल झाला, त्यांनी पुन्हा हाक मारली. मी तिच्या कोपराला हात लावला तेव्हा ती वळली, आणि मग माझी कधीही न ओरडणारी मावशी त्या खोलीत ओरडली.

"उद्यापासून दोन्ही कप कानावर. कोणीही एक कान उघडा ठेवायचा नाही. साहेबांना कोणी हवं असेल तर ते उठून टेबलापाशी येतील, त्यांना पाय आहेत. हे मी शिकवलं होतं आणि मी चुकीचं शिकवलं होतं. ऐकलंत का सगळ्यांनी?"

नंतर कपाटाशेजारच्या बाईपाशी जाऊन ती काहीतरी हळू बोलली. त्या बाईने तिच्याकडे पाहिलं नाही, मानही हलवली नाही, सेट काढून वायर गुंडाळत राहिली. बरोबरच केलं तिने. दाराशी आल्यावर मावशी म्हणाली, "खिडकीपाशी टेबल देता येत नाही मला आता."

अर्ज अर्थातच गेला. आठ सह्या, नववी मावशीची, जोडीला फॉर्मच्या प्रती आणि डॉक्टरांचा कागद. कान तपासा, उपचार द्या, आणि त्या खोलीत काय झालं ते लिहून मान्य करा. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, शिक्क्यासह. आपल्या अर्जाच्या अनुषंगाने विभागातील सर्व सेटची तपासणी करण्यात आली असून कोणत्याही सेटमध्ये दोष आढळून आलेला नाही. मी तो कागद फाडायला निघाले होते. मावशीने माझ्या हातातून घेतला, मागे आल्याची तारीख घातली आणि दुसरा अर्ज लिहायला घेतला. आता चौथा चालू आहे.

हेडफोन तिने ठेवून घेतला. सेल्समनला मी जाऊन सांगितलं की तो बरोबर होता. त्याला मीच आठवत नव्हते, आधी ओरडले होते तेही. त्यानेच मला कॉम्प्युटरमधली एक सोय दाखवली: एक बटण दाबलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखाच येतो. मी खूश होऊन मावशीला सांगितलं.

"एका डब्यातून तर मी लहानपणी ऐकलंच होतं," ती म्हणाली. "त्यासाठी एवढी वर्षं थांबले नव्हते."

आता रविवारी सकाळी ती वादन दोनदा ऐकते. एकदा हेडफोन सरळ घालून, तेव्हा तिला प्रश्न ऐकू येतात. मग उलटा घालून पुन्हा सुरुवातीपासून, तेव्हा उत्तरं. शेवटचा भाग, जिथे दोन्ही व्हायोलिनं एकमेकांत शिरतात, तो तिला अर्धा अर्धाच मिळतो. गेल्या रविवारी त्या जागेपाशी तिने वादन थांबवलं आणि हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला, डावा डाव्या कानावर, उजवा उजव्या.

"आता सांग," ती म्हणाली, "दोन्ही एकदम येतात तेव्हा कसं वाटतं?"

मी ऐकलं. दोन्ही बाजूंनी सगळं स्वच्छ आलं, काहीही अडलं नाही. छान वाटतं, मी म्हणाले. छान म्हणजे कसं, तिने विचारलं, आणि पुढे सरकून उजवा कान माझ्या तोंडाजवळ आणला. मी पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. ती थांबून होती. कुकरच्या शिट्टीपलीकडे काही न कळणाऱ्या मला ते सांगता आलं नाही.